गाडी शिकताना विमा कोणाचा?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत काहीतरी भारदस्त विषयावर बोलावे अशी आपल्या मंडळाची रीत आहे. या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर भाषणे झाली, आहारशास्त्रावर झाली, मुलांच्या संगोपनावर झाली. त्या मानाने माझा विषय अगदीच रस्त्यावरचा आहे. परंतु चिटणीसबाईंनी परवा सहज मोजदाद केली, तेव्हा आपल्यापैकी अकरा जणी सध्या मोटार नाहीतर स्कूटर शिकत आहेत असे निघाले. सर्वांत लहान अठरा वर्षांची, तर सर्वांत थोरलीने साठी ओलांडलेली. तेव्हा हा विषय रस्त्यावरचा असला तरी आपल्या घरातलाही आहे, एवढे म्हणावयास हरकत नाही.

मी वकील नाही, आणि विमा कंपनीत कधी नोकरीही केलेली नाही. तीस वर्षे शाळेत गणित शिकवले, एवढीच माझी विद्या. जे सांगणार आहे ते काही वाचून आणि काही भोगून शिकले आहे. भोगून शिकलेले शेवटी सांगेन, कारण ते सांगायला मन थोडे घट्ट करावे लागते.

प्रथम विलायतेची गोष्ट सांगते, कारण प्रश्न तिथूनच निघाला. माझी मुलगी इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. तिच्याकडे मी पाच महिने राहून आले. ही मुलगी इकडे असताना सात वर्षे गाडी चालवीत होती. पुण्याहून साताऱ्याला खंबाटकीचा घाट ओलांडून एकटी येत असे. पण तिकडे नियम असा की, परदेशातून राहायला आलेल्या आपल्यासारख्या माणसाला इथल्या परवान्यावर बारा महिने गाडी चालवता येते; त्यानंतर तिथला परवाना काढावा लागतो, आणि तोही परीक्षा देऊन. त्यामुळे सात वर्षे गाडी चालवलेली माझी लेक पुन्हा शिकाऊ झाली! तात्पुरता परवाना काढला, गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर तांबडे इंग्रजी 'एल' अक्षर लागले, आणि शेजारी बसायला माणूस शोधण्याची वेळ आली.

शेजारी बसणाराही तिकडे कोणीही चालत नाही. त्याचे वय एकवीस वर्षांच्या वर पाहिजे आणि पक्का परवाना घेऊन त्याला तीन वर्षे झालेली पाहिजेत. इथल्या परवान्याची वर्षे त्यात धरीत नाहीत. आमच्या जावयांचा तिकडचा परवाना दोनच वर्षांचा, म्हणून ते बाद झाले. शेवटी शेजारच्या एका गुजराती बाईंनी आपली गाडी देऊ केली आणि शनिवारी दोन तास स्वतः शेजारी बसायचेही कबूल केले. मला वाटले, आता गाडीत बसायचे आणि निघायचे. पण किल्ली देण्याआधी त्या बाईंनी विचारले, "विमा काढलास का?"

मला तो प्रश्न चमत्कारिक वाटला. गाडी त्यांची, तेव्हा विमाही त्यांचाच असणार. मग मुलीने मला समजावून सांगितले. तिकडे साधारणपणे विम्याच्या कागदावर गाडी कोण कोण चालवणार त्यांची नावे असतात. ज्याचे नाव नाही, त्याने गाडी चालवली तर ती बिनविम्याची ठरू शकते. म्हणून शिकाऊ माणसासाठी तिकडे थोड्या मुदतीचा वेगळा विमा मिळतो: काही तासांचा, एका दिवसाचा, आठवड्याचा किंवा काही महिन्यांचा. मुलीने गाडीचा नंबर आणि आपल्या परवान्याचा नंबर फोनवर भरला, पैसे भरले आणि दहा मिनिटांत विम्याचा कागद तिच्या हाती आला. त्यात मला आवडलेली गोष्ट ही की, हा विमा गाडीच्या मालकिणीच्या विम्यापासून निराळा असतो. शिकाऊ हाताने कुठे धक्का लागला तर भरपाई त्या छोट्या विम्यातून होते. गाडी देणाऱ्या बाईंनी वर्षानुवर्षे सांभाळून मिळवलेली हप्त्यातली सूट बुडत नाही. ज्याने उपकार केला त्यालाच भुर्दंड पडू नये, हा त्यातला शहाणपणा.

आणखी एक मौज सांगते. मुलगी परीक्षा पास झाली त्या दिवशी ती घरी आली ती शेजारच्या आसनावर बसून! गाडी त्या गुजराती बाईंनी चालवीत आणली. मी म्हटले, आता तर ही पास झाली, मग हिला का चालवू दिली नाही? तर उत्तर असे की, विमा शिकाऊ म्हणून काढलेला होता. परीक्षा पास होताच ती शिकाऊ राहिली नाही, आणि सर्वसाधारणपणे तो विमाही तिथेच संपतो. पक्का परवाना मिळाल्यावर पक्का विमा काढावा आणि मगच चाकाला हात लावावा. तिकडे बिनविम्याची गाडी चालवताना सापडले तर जागच्या जागी तीनशे पौंड दंड आणि परवान्यावर सहा दोषगुण लागतात. आणि नव्या चालकाला पहिल्या दोन वर्षांत सहा दोषगुण लागले की परवानाच रद्द होतो. म्हणजे आनंदाच्या भरात तेवढे चार मैल गाडी चालवली असती, तर सकाळी मिळालेला परवाना पुढे हातचा जाण्याची पाळी आली असती.

मी परत आल्यावर हे सर्व इथे गप्पांत सांगितले, तेव्हा आपल्यापैकी तिघी-चौघींनी एकच प्रश्न केला: "असा थोड्या दिवसांचा विमा आपल्याकडे का नाही हो?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर हाच आजचा विषय.

उत्तर असे की, आपल्याकडे विमा प्रामुख्याने गाडीच्या मागे चालतो, माणसाच्या मागे नव्हे. घरच्या मोटारीचा विमा काढला, म्हणजे मालकाच्या परवानगीने, योग्य परवाना असलेला कोणीही ती चालवीत असला तरी विमा लागू राहतो. आणि आपल्या नेहमीच्या विमापत्रात चालकासंबंधी जे कलम असते, त्यात शिकाऊ परवाना असलेल्या व्यक्तीलाही जागा दिलेली आहे. म्हणजे जे छत्र माझ्या मुलीला तिकडे दर शनिवारी पैसे भरून विकत घ्यावे लागले, ते इथे आपल्याला वेगळा पैसा न भरता मिळालेले आहे. फक्त त्या कलमात पुढे एक 'परंतु' आहे, आणि आपल्या बहुतेक घरांत तो 'परंतु' कोणी वाचलेला नसतो. मीही वाचलेला नव्हता.

त्या 'परंतु'कडे येण्याआधी विमा मुळात कशासाठी असतो ते दोन वाक्यांत सांगते. आपण समजतो की विमा म्हणजे आपल्या गाडीचा पत्रा दुरुस्त करून मिळण्याची सोय. ती सोय खरी, पण ती ऐच्छिक आहे. कायद्याने सक्तीचा केलेला विमा वेगळाच आहे, आणि तो आपल्यासाठी नसून रस्त्यावरच्या परक्या माणसासाठी आहे. याला आपण बोलताना थर्ड पार्टी म्हणतो. इंग्लंडने ही सक्ती १९३० च्या कायद्याने केली. आपल्याकडे १९३९ च्या मोटार कायद्यातील विम्याचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून लागू झाले, आणि आज १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात तीच सक्ती कायम आहे. विचार असा की, गाडी घेण्याची ऐपत असलेल्याने पायी चालणाऱ्याला धक्का दिला, तर त्या गरिबाला भरपाईसाठी गाडीवाल्याच्या दानतीवर अवलंबून राहावे लागू नये. माणूस दगावला किंवा जखमी झाला तर या विम्यातल्या भरपाईला रकमेची मर्यादा नाही. मालमत्तेच्या नुकसानीला मोटारीच्या बाबतीत साधारणपणे साडेसात लाखांपर्यंत मर्यादा असते. आणि यासाठी हप्ता किती? १ जून २०२२ पासून जे दर लागू झाले त्यांत हजार सीसीपर्यंतच्या लहान मोटारीला वर्षाला २०९४ रुपये. महिन्याचे पावणेदोनशेही पडत नाहीत. एवढ्यात एका परक्या कुटुंबाची सोय होते, हे गणिताच्या बाईला फार मोलाचे वाटते.

आता तो 'परंतु'. विमापत्र म्हणते की, शिकाऊ परवानाधारकाने गाडी चालवावी, परंतु केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील तिसऱ्या नियमाच्या अटी पाळून. त्या अटी तीन आहेत. पाढ्यासारख्या पाठ कराव्यात अशा आहेत.

पहिली अट: शिकाऊ परवाना चालू मुदतीतला पाहिजे. त्याची मुदत सहा महिने. तीस दिवस झाल्यावर पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. पण आपण बायका घरचे सण, पाहुणे, मुलांच्या परीक्षा यांत गुंततो आणि सहा महिने कधी उलटतात ते कळत नाही. सातव्या महिन्यात गाडी काढली तर आपण शिकाऊ नव्हे, बिनपरवान्याचे चालक ठरतो. चाळिशी उलटलेल्या भगिनींना अर्जासोबत डॉक्टरांचा दाखला लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरी अट: शेजारी शिकवणारा पाहिजे, त्याच्याकडे त्याच प्रकारच्या गाडीचा चालू परवाना पाहिजे, आणि गाडी आवरता किंवा थांबवता येईल अशा जागी तो बसलेला पाहिजे. मागच्या आसनावर बसून "ब्रेक दाब, ब्रेक दाब" असे ओरडणारे यजमान या अटीत बसत नाहीत. शिकवण्याच्या शाळांच्या मोटारींना शिक्षकाच्या पायाखालीही ब्रेक असतो, तो याचसाठी. घरच्या गाडीत तशी सोय नाही; म्हणून शेजारच्याचा हात हँडब्रेकपाशी आणि डोळा रस्त्यावर पाहिजे. त्याच्या हातात फोन असला तर तो शेजारी असून नसल्यासारखाच. शिवाय शेजारी बसणाऱ्याच्या परवान्याची तारीख आपण स्वतः पाहावी. यजमानांच्या परवान्याची मुदत संपून वर्ष झालेले असते आणि त्यांना पत्ता नसतो, असे आपल्याच वाड्यांत दोन ठिकाणी निघाले आहे.

तिसरी अट: गाडीला पुढे आणि मागे पांढऱ्यावर तांबडे 'एल' पाहिजे. त्याचे मापही नियमात दिले आहे: पाटी अठरा सेंटिमीटर चौरसाहून लहान नको; अक्षर निदान दहा सेंटिमीटर उंच, दोन सेंटिमीटर जाड आणि तळाशी नऊ सेंटिमीटर रुंद. पोस्टाच्या तिकिटाएवढा कागद मागच्या काचेला चिकटवून ही अट भागत नाही. काही जणींना ते 'एल' लावण्याची लाज वाटते. लाज कसली? ते अक्षर पाहून मागचा ट्रकवाला दोन हात दूर राहतो.

स्कूटर शिकणाऱ्यांना एक निराळी गोष्ट सांगते. शिकाऊ परवान्यावर दुचाकी चालवताना शिकवणाऱ्याखेरीज कोणालाही मागे बसवता येत नाही. "शाळा जवळच आहे, मुलीला सोडते आणि येते" हे त्यात येत नाही, मग शाळा कोपऱ्यावर का असेना.

या अटी मोडल्या तर काय होते? येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण याविषयी दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. कोणी म्हणतात, शिकाऊ माणसाच्या हातून अपघात झाला की विमा मिळतच नाही. तसे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी जानेवारी २००४ मध्ये स्वर्णसिंग यांच्या खटल्यात स्पष्ट सांगितले की, शिकाऊ परवाना हाही परवानाच आहे आणि अपघातग्रस्ताची भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीवर राहते. दुसरे कोणी म्हणतात, मग काय, कंपनी भरेल! तसेही नाही. त्याच निकालाने असेही दाखवले की, विम्याची अट मोडलेली असली तर न्यायाधिकरण कंपनीला सांगू शकते: त्या जखमी माणसाला आधी पैसे द्या आणि मग ते गाडीच्या मालकाकडून वसूल करा. म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला छत्र राहते, आपल्या डोक्यावरचे मात्र उडते. आणि आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे पैसे अट मोडल्यावर मागता येत नाहीत, ते वेगळेच.

आता भोगून शिकलेले सांगते.

२०२२ च्या पावसाळ्यात एका रात्री आमच्याकडे यांच्या छातीत कळ आली. गाडी खाली उभी, किल्ली खुंटीवर, आणि ती चालवणारा माणूस पलंगावर घाम पुशीत पडलेला. मी अंगणात उभी राहून शेजारच्यांना हाका मारल्या. शेजारचा मुलगा धावत आला आणि त्याने इस्पितळात पोचवले. देवाच्या दयेने सर्व ठीक झाले. पण खुंटीवरची ती किल्ली माझ्या डोळ्यांपुढून जाईना. छप्पन्नाव्या वर्षी मी ठरवले, गाडी शिकायची.

परवाना रीतसर काढला. शाळेत पंधरा दिवस शिकले. नंतर घरच्या गाडीवर पुतण्याला शेजारी बसवून रोज संध्याकाळी सराव करू लागले. 'एल'च्या पाट्याही लावल्या होत्या. म्हणजे तिन्ही अटी आम्ही नकळत पाळीतच होतो. एके संध्याकाळी परत येताना पुतण्या म्हणाला, "काकू, मी एवढे दूध घेतो, तुम्ही गाडी जरा पुढे घ्या, मागच्याला जागा होत नाही." तो उतरला. पुढे घ्यायची होती ती फार तर पंचवीस फूट. मी गाडी पुढे घेतली, समोरून सायकलवर एक पोर आले, मी गडबडले, आणि ब्रेकऐवजी माझा पाय दुसरीकडेच पडला. कडेला पेरूचा हातगाडा होता. गाडा उलटला आणि गाडेवाला त्याच्याखाली हातावर पडला.

त्याच्या मनगटाचे हाड मोडले. पेरू रस्ताभर घरंगळत होते आणि तो माणूस दुसऱ्या हाताने ते गोळा करू पाहत होता. मला म्हणाला, "बाई, आता गाडा कोण ढकलणार?" ओरडला असता, शिव्या दिल्या असत्या, तर मला इतके लागले नसते.

आम्ही त्याला ताबडतोब इस्पितळात नेले. यांनी सांगितले की, आधी पोलिसांत कळवायचे. कायद्यातही तेच आहे: जखमीला उपचार मिळवून द्यावेत, चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सर्व केले. त्यानंतर विम्याच्या अर्जाचा प्रश्न आला. येथे माझी खरी परीक्षा झाली.

घरी बसायला आलेल्या मंडळींपैकी तिघांनी तरी मला सांगितले, "वहिनी, पुतण्या शेजारी होता असे लिहून टाका. दूध घ्यायला उतरला होता हे कोणाला माहीत आहे?" पुतण्याही तयार होता. तो तर म्हणाला, "काकू, चूक माझी आहे, मी सांगतो मी बसलो होतो म्हणून." मैत्रिणींनो, खोटे सांगायचे नाही, मी क्षणभर डळमळले. एक शब्द लिहायचा, आणि गाडीचा खर्च वाचायचा, जबाबदारीही कंपनीवर जायची. माझ्या मनात विचार आला की, तीस वर्षे ज्या मुलींना उत्तर चोरू नका म्हणून सांगितले, त्यांच्यापैकी एखादी आज कंपनीत बसलेली असेल आणि माझाच अर्ज तपासत असेल. आणि दुसरे असे की, कोणाला माहीत नव्हते म्हणता? पेरूवाल्याला माहीत होते. त्याने समोरून पाहिले होते की गाडीत मी एकटी आहे. मी खोटे लिहिले असते, तर उद्या त्याने खरे सांगितल्यावर तोच खोटा पडावा अशी माझी इच्छा झाली असती. ज्याचा हात मोडला त्याच्यावर हे दुसरे ओझे कशाला?

मी खरे तेच लिहिले. पाहणी करायला आलेल्या गृहस्थांनी मला दोनदा विचारले, "तुम्ही एकट्याच होतात?" मी दोनदा हो म्हटले. गाडीच्या दुरुस्तीचे चौदा हजार रुपये कंपनीने नाकारले. तिसऱ्या नियमाचा उल्लेख असलेले ते पत्र मी जपून ठेवले आहे. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. पेरूवाल्याला आम्ही सांगितले की, न्यायाधिकरणात जाण्याचा तुझा हक्क आहे आणि आम्ही कागदपत्रे देऊ. तो म्हणाला, "बाई, मला कोर्टाच्या फेऱ्या परवडत नाहीत." आम्ही हिशेब केला. कंपनीने त्याला दिले असते तरी ते आमच्याकडूनच वसूल होऊ शकले असते. मग त्याने वाट का पाहावी? उपचाराचे बावीस हजार, गाड्याच्या दुरुस्तीचे चार हजार, आणि सहा आठवड्यांची म्हणजे बेचाळीस दिवसांची त्याची कमाई, रोजचे सातशे धरून, एकोणतीस हजार चारशे. एकूण पंचावन्न हजार चारशे. आमच्या गाडीचे चौदा हजार धरले तर एकोणसत्तर हजार चारशे. पंचवीस फुटांचे एवढे भाडे मी भरले आहे. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घराला ते जड गेले. पण जे घर रोजच्या सातशेवर चालते, त्याला ते किती जड गेले असते, याचा हिशेब मी करीत नाही.

यातून मी जे शिकले ते एका वाक्यात असे: विमा पैसे भरून मिळतो, पण टिकतो तो आपल्या वागण्याने. इंग्लंडात वेगळा हप्ता भरून शिकाऊ विमा घेतलेल्या माझ्या मुलीच्या शेजारची जागा रिकामी झाली असती, तर तिचे छत्रही असेच संकटात आले असते. तिकडेही काही आईबाप मुलगा चालवीत असलेल्या गाडीचे मुख्य चालक आपणच आहोत असे लिहून हप्ता वाचवतात, आणि उघडकीला आले की ती फसवणूक ठरते. देश दोन, पण खोट्याचा मोह एकच.

आता घरी गेल्यावर काय पाहावे ते थोडक्यात सांगते. विम्याचा कागद काढा आणि मुदत पाहा. "यजमान चालवीत नाहीत, गाडी नुसती उभी आहे, मग विमा कशाला" म्हणून पुष्कळ घरांत तो संपलेला असतो, आणि नेमकी तीच गाडी शिकायला बाहेर निघते. नव्वद दिवसांहून अधिक खंड पडला तर हप्त्यातली साठलेली सूटही जाते. दुसरे, १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग पुष्कळदा एकाच वर्षाचा असतो. त्यामुळे "विमा आहे" याचा अर्थ कोणता विमा आहे, हे वाचून पाहा. तिसरे, गाडी ज्याच्या नावावर आहे त्याची परवानगी घ्या. बिनपरवान्याच्या माणसाला गाडी दिल्याचा दोष कायदा मालकालाही लावतो. आणि चौथे, शिकवणारा उतरला की किल्ली त्याच्याबरोबर उतरली पाहिजे. आमच्या घरी आता हा नियम आहे.

तुम्ही विचाराल, एवढे झाल्यावर शिकणे सोडले का? महिनाभर सोडले होते. चाक हातात धरवत नसे. मग एक दिवस तो पेरूवालाच दारात आला. हात बरा झाला होता. त्याने गाडीकडे पाहिले आणि विचारले, "बाई, साहेबांची तब्येत बरी आहे ना? गाडी शिकलात की नाही?" त्याला खुंटीवरच्या किल्लीची हकिकत यांनी कधीतरी सांगितली असावी. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. पुतण्या शेजारी, हात हँडब्रेकवर. दोन महिन्यांनी पक्का परवाना मिळाला. आज यांच्या तपासणीला मीच त्यांना इस्पितळात नेते.

आणि आता शेवटची गोष्ट. आपल्या हस्तकला विभागाच्या भगिनींनी माझ्या विनंतीवरून नियमातल्या मापाबरहुकूम बावीस पाट्या कापून, रंगवून तयार केल्या आहेत. अकरा जणी, प्रत्येकी दोन: एक पुढे, एक मागे. सभा संपल्यावर चहाच्या टेबलापाशी त्या ठेवल्या आहेत. ज्यांच्या त्यांनी नेाव्यात, आणि पक्का परवाना मिळाल्यावर मंडळाला परत कराव्यात, म्हणजे पुढच्या शिकणारीला उपयोगी पडतील. माझ्या दोन त्यांतच घातल्या आहेत. त्यांपैकी एकीचा कोपरा दुमडलेला आहे; तो त्या पेरूच्या गाड्याने दुमडला. ती ज्या भगिनीच्या वाट्याला येईल तिने तो कोपरा सरळ करू नये, एवढी माझी विनंती आहे.